प्रवासाच्या वाटेनें इंग्रजी

कोल्हापुरांत अंबाबाईच्या देवळाच्या महाद्वाराशीं सकाळीं घटकाभर उभें राहिलें, तर किती भाषा कानांवर पडतात याची मोजदाद करणें कठीण जातें. बेळगांव-धारवाडकडचे कानडी यात्रेकरू, तिरुपतीचें दर्शन आटोपून इकडे वळलेलीं तेलुगू कुटुंबें, मुंबई-पुण्याची मंडळी, क्वचित् एखादें गोरें जोडपें, अशी सरमिसळ तेथें नित्य असते. या गर्दींतील एका तेलुगू गृहस्थांस रंकाळ्यावर जावयाचें आहे अशी कल्पना करावी. मराठी त्यांस येत नाहीं, हिंदी अडखळत येते. समोरून पाठीला दप्तर लावलेला एक विद्यार्थी येतो. त्याला ते इंग्रजींत वाट विचारतात. विद्यार्थी नववींत आहे, इंग्रजींत त्यास शंभरांपैकीं सत्तर-पंचाहत्तर गुण मिळतात, प्रश्न त्याला समजतो, आणि रंकाळा तर त्याच्या रोजच्या पायाखालचा. तरी त्याच्या तोंडून शब्द फुटत नाहीं. तो पश्चिमेकडे बोट दाखवितो, ओशाळवाणें हंसतो आणि पुढें सटकतो.

प्रसंग कल्पित आहे. पण कोल्हापुरांतील इंग्रजीच्या कोणत्याहि शिक्षकास तो परका वाटणार नाहीं.

त्या मुलाजवळ कमी काय होतें? शब्द नव्हेत. स्ट्रेट, लेफ्ट, राइट, रोड, बस, स्टॉप हे सारे शब्द त्याच्या घरच्या मराठींतहि रुळलेले आहेत. व्याकरणहि नव्हे, कर्तरी वाक्याचें कर्मणि करून देण्यांत तो सहसा चुकत नाहीं. कमी होती ती एका संवयीची. समोरच्या माणसाला जें ठाऊक नाहीं आणि जें कळल्यावांचून त्याचें अडतें, तें त्याला इंग्रजींत सांगण्याची संवय त्यास नव्हती. आठ-नऊ वर्षांच्या इंग्रजीच्या तासांत असा अडलेला माणूस त्याच्यासमोर एकदांहि आला नव्हता. शिक्षकांनीं जो प्रश्न विचारला, त्याचें उत्तर शिक्षकांस ठाऊक होतें, पुस्तकास ठाऊक होतें, आणि शेजारच्या बाकावरील मुलासहि ठाऊक होतें. मग सांगावयाचें कोणाला?

प्रवास हा विषय इंग्रजीच्या वर्गांत आणावा असें भाषाशिक्षणाचे जाणकार सांगतात, त्याचें मर्म येथें आहे. प्रवास मनोरंजक असतो, हें त्याचें मुख्य कारण नव्हे. प्रवासांत मनुष्य परका होतो, आणि परक्याला विचारल्यावांचून पाऊल टाकतां येत नाहीं. गाडी कोठून सुटते, तिकीट कोठें मिळतें, सामान कोणाजवळ ठेवावें, रात्रीं जेवण मिळेल काय, या प्रत्येक प्रश्नामागें खरी अडचण उभी असते. उत्तर चुकीचें समजलें, तर गाडी खरोखरच चुकते. भाषेला असें काम लागलें, म्हणजे ती अंगीं लागूं लागते.

जुन्या पद्धतीला सरसकट नांवें ठेवण्याचें मात्र कारण नाहीं. द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांच्या भाषांतर-पाठमालेवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या पोसल्या. मराठी वाक्य वाचावें, त्याचें इंग्रजी करावें, इंग्रजी वाक्य वाचावें, त्याचें मराठी करावें, या घोटणीनें वाक्याची बांधणी पक्की होई, आणि ज्याला कचेरींत अर्ज लिहावयाचा किंवा ग्रंथ वाचावयाचा त्याचें तेवढ्यानें भागेहि. पण तो काळ गेला. महाराष्ट्रांत पूर्वीं पांचव्या इयत्तेपासून शिकविली जाणारी इंग्रजी २००० सालापासून पहिलीपासून सुरू झाली. शिडीला खालून चार पायऱ्या जोडल्या गेल्या. शिडी टेकविली कोठें आहे, हा प्रश्न त्यामुळें सुटत नाहीं.

कित्येक पाठ्यपुस्तकांत ‘रेल्वे स्टेशनवर’ अशा मथळ्याचें एखादें संभाषण असतें. एक मुलगा प्रवासी होतो, दुसरा कारकून; दोघेहि आपापलीं वाक्यें पाठ म्हणतात, वर्ग टाळ्या वाजवितो. याला प्रवासाचा पाठ म्हणणें कठीण आहे. प्रवाशाला कारकुनाचें उत्तर आधींच पाठ आहे; मग त्यानें विचारलें काय? खऱ्या खिडकीवरचा कारकून पुस्तकांतलें वाक्य बोलत नाहीं. तो म्हणतो, ही खिडकी बंद झाली, चार नंबरवर जा. त्या एका वाक्यासरशीं पाठ केलेलें सारें संभाषण कोसळतें.

प्रवासाच्या निमित्तानें इंग्रजी हातीं धरल्याचीं उदाहरणें शोधावयास कोल्हापूरकरांस दूर जावें लागत नाहीं. छत्रपति राजाराम महाराज १८७० सालीं वयाच्या विसाव्या वर्षीं विलायतेस गेले, आणि त्या प्रवासाची रोजनिशी त्यांनीं इंग्रजींत ठेविली. परतीच्या वाटेवर इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं ३० नोव्हेंबर १८७० रोजीं त्यांचें निधन झालें. तेथें आर्नो नदीच्या कांठीं, संगमावर, त्यांचें दहन झालें. त्या जागीं उभारलेली छत्री अजून आहे, आणि जवळच्या आधुनिक पुलालाहि त्या ‘हिंदी’ पाहुण्यावरूनच नांव पडलें आहे. त्यांची रोजनिशी कॅप्टन एडवर्ड वेस्ट यांनीं संपादून १८७२ सालीं लंडन येथें प्रसिद्ध केली. कोल्हापूरचें राजाराम कॉलेज याच महाराजांच्या नांवाचें.

या रोजनिशीकडे इतिहासाचे अभ्यासक एका दृष्टीनें पाहतात. इंग्रजीच्या शिक्षकानें दुसऱ्या दृष्टीनें पाहण्यासारखी ती आहे. आज कोठें गेलों, कोणाची भेट झाली, काय पाहिलें, काय नवल वाटलें, असा तिचा रोजचा साधा मजकूर. परकी भाषा शिकणारा एक तरुण दिवसभर पाहिलेलें रात्रीं त्या भाषेंत उतरवून ठेवतो. शाळेंत लिहविला जाणारा ‘आगगाडीचा प्रवास’ हा निबंध त्याच्याशेजारीं ठेवून पाहावा. त्या निबंधांत सूर्य नेहमीं डोंगरामागून उगवतो, झाडें नेहमीं मागें पळतात, आणि लिहिणारा मुलगा बहुधा आगगाडींत बसलेलाच नसतो.

राजर्षि शाहू महाराजांच्या शिक्षणांतहि प्रवासाला जागा होती. राजकोटच्या राजकुमार कॉलेजानंतर धारवाड येथें स्टुअर्ट फ्रेझर यांच्या देखरेखीखालीं त्यांचा अभ्यास झाला, आणि त्या अभ्यासाचा भाग म्हणून फ्रेझर यांनीं आपल्या शिष्यांना देशभर फिरविलें. राजपुत्रांना हें जमलें. चंदगडच्या किंवा शाहूवाडीच्या डोंगरांतील शेतकऱ्याच्या मुलाला कोण फिरविणार, ही शंका रास्त आहे. तिचें उत्तर तिसऱ्या उदाहरणांत सांपडतें, आणि तें या दोहोंहून अधिक बोधप्रद आहे.

गोपाळराव जोशी हे पोस्टखात्याच्या नोकरीनिमित्त कोल्हापुरांत होते. पत्नीच्या शिक्षणाची तळमळ असलेल्या या गृहस्थांनीं १८७८ सालीं वाइल्डर या मिशनऱ्यांस पत्र लिहिलें. वाइल्डर यांनीं कोल्हापुरांत पुष्कळ वर्षें काम केलेलें होतें. पत्र अमेरिकेंतील एका मिशनरी मासिकांत छापून आलें, आणि न्यू जर्सींतील रोझेल गांवच्या श्रीमती कार्पेंटर यांच्या तें १८८० सालीं दृष्टीस पडलें. त्यांनीं आनंदीबाईंना पत्र धाडलें, आनंदीबाईंनीं इंग्रजींत उत्तर दिलें, आणि पत्रांची वाट वाहूं लागली. आनंदीबाई त्या वेळीं पंधरा वर्षांच्या होत्या. बोटींत त्यांनीं पाऊल ठेवलें तें १८८३ च्या एप्रिलांत. म्हणजे प्रवासाआधीं जवळजवळ तीन वर्षें त्यांची इंग्रजी प्रवास करीत होती. त्या पत्रांतून इकडच्या चालीरीति एका परदेशी स्त्रीला समजावून सांगतां सांगतां त्यांची लेखणी तयार झाली. निघण्यापूर्वीं फेब्रुवारी १८८३ मध्यें श्रीरामपूरच्या कॉलेजांत, आपण अमेरिकेस कां जातों, हें त्यांनीं भरसभेंत इंग्रजींत सांगितलें. १८८६ सालीं त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांत स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकहि झाली. परंतु फेब्रुवारी १८८७ मध्यें पुण्यांत त्यांचा अंत झाला आणि त्या विभागाला त्यांचे हात लाभले नाहींत.

आनंदीबाईंच्या पत्रव्यवहाराची खरी जात ओळखली पाहिजे. त्यांत त्या प्रवासी नव्हत्या, यजमान होत्या. सांगावयाचें जें होतें तें सारें त्यांच्याजवळ होतें. कमी होते ते केवळ इंग्रजी शब्द. आणि ऐकणारी व्यक्ति खरोखरच अजाण व खरोखरच उत्सुक होती. प्रवासविषयक पाठ योजतांना शिक्षकाची येथेंच गफलत होते. तो मुलांना लंडनच्या रस्त्यावर उभें करतो, विमानतळावर पारपत्र दाखवावयास लावतो, हॉटेलांत खोली मागावयास लावतो. मुलाला तें स्थळ ठाऊक नसतें आणि भाषाहि येत नसते. दोन्ही पाय अधांतरीं. उजळाईवाडीच्या धांवपट्टीवरून विमानें उडतात हें खरें, पण राधानगरीच्या मुलाचें विमानतळ म्हणजे एस्.टी.चा स्टँड. आरंभ तेथून करावा, आणि मुलाला प्रथम प्रवासी न करतां यजमान करावें.

वर्गाच्या चार भिंतींत हें कसें साधावें, याचा सर्वांत कसून केलेला प्रयोग महाराष्ट्राच्या दक्षिणेसच झाला. एन्. एस्. प्रभु यांनीं १९७९ ते १९८४ या काळांत बंगलोर, मद्रास इकडील कांहीं साध्या शाळांतून इंग्रजी शिकविण्याची निराळी रीत चालवून पाहिली. पुढें १९८७ सालीं तिच्यावर त्यांचें पुस्तक निघालें. व्याकरणाचे धडे क्रमानें देण्याऐवजीं त्यांनीं मुलांपुढें विचार करावयास लावणारीं कामें ठेविलीं. रेल्वेचें वेळापत्रक आणि नकाशा हीं त्या कामांतलीं आवडतीं साधनें होतीं. काम करण्याच्या नादांत मुलें इंग्रजी ऐकत, वाचीत, आणि जमेल तेवढी बोलत. एकाजवळ असलेली माहिती दुसऱ्याजवळ नसणें, ही एक प्रकारची दरी. आणि हातच्या माहितीवरून तर्कानें नवी गोष्ट काढणें, ही दुसऱ्या प्रकारची. प्रभु यांचा ओढा दुसरीकडे अधिक होता, कारण तर्क चालविणाऱ्या मुलाला नुसती माहिती एका कागदावरून दुसऱ्यावर उतरवून सुटतां येत नाहीं.

त्यांच्या रीतीचें एक अंग मोठ्या वर्गाला फार सोयीचें आहे. मुलांचे गट पाडण्यावर त्यांचा भर नव्हता. प्रथम शिक्षक एक काम सर्व वर्गाबरोबर, प्रश्न विचारीत, तोंडीं सोडवितात. मग त्याच जातीचें, आंकडे बदललेलें दुसरें काम प्रत्येक मुलाला एकट्यानें करावयास देतात. पहिल्या कामांत कानांवर पडलेली भाषा दुसऱ्या कामांत हाताशीं येते. साठ मुलांचा वर्ग आणि हलतां न येणारे बाक असले, तरी एवढें करतां येतें.

कोल्हापुरांतील वर्गासाठीं असें काम रचून पाहावें. फळ्यावर शिक्षक एक कल्पित वेळापत्रक लिहितात. गारगोटीहून कोल्हापूरकडे बस साडेबाराला, दीडला आणि अडीचला सुटते; वाटेंत दीड तास जातो. कोल्हापुराहून मिरजेकडे गाडी सव्वादोनला, तीन वाजून दहा मिनिटांनीं आणि साडेचारला निघते. ती तासाभरांत पोंचते. सुमन नांवाच्या मुलीला मिरजेच्या दवाखान्यांत मावशीला भेटावयाचें आहे, आणि भेटीची वेळ चार ते पांच. तिनें कोणती बस धरावी? अडीचची उपयोगाची नाहीं, हें मुलें झटकन् काढतात. दीडची धरली, तर तीनला कोल्हापूर. गाडीला दहा मिनिटें उरतात. बसस्थानक आणि रेल्वेस्टेशन एकमेकांपासून दूर नाहींत, चलाख मुलगा धांवत जाऊन गाडी गांठील. इतकें झाल्यावर शिक्षक हळूच एक वाक्य वाढवितात: बरोबर सुमनची आजी आहे. 

आतां वर्गांत कुजबुज सुरू होते. मागच्या बाकावरून कोणी म्हणतो, ‘आजी कॅन नॉट रन.’ दुसरी म्हणते, ‘टेक द ट्वेल्व्ह थर्टी बस.’ तिसऱ्याला तें पटत नाहीं. साडेबाराच्या बसनें दोनला पोंचून सव्वादोनची गाडी धरली, तर सव्वातीनलाच मिरज येईल, मग पाऊण तास आजीनें बसावें कोठें? त्याला इंग्रजींत एवढेंच जमतें: ‘फोर्टी-फाइव्ह मिनिट्स, व्हेअर सिट?’ वाक्य मोडकें आहे, आणि त्यामागील विचार पुरता शाबूत आहे. शिक्षकांनीं या क्षणीं व्याकरण काढूं नये. त्यांनीं तें वाक्य नीट करून स्वतः उच्चारावें, जणूं प्रश्न त्यांनाहि पडला आहे, आणि वर्गाला उत्तर विचारावें. शेवटीं कागदावर मुलानें लिहावयाचें तें फक्त बसची वेळ, गाडीची वेळ, आणि कारण म्हणून एक वाक्य. तपासतांना प्रथम पाहावयाचें तें हें, कीं सुमन आणि आजी वेळेवर पोंचल्या कीं नाहीं.

नकाशाचें काम याहून गमतीचें आहे. शहराचे दोन नकाशे काढावे. एकावर भवानी मंडप, बिंदू चौक, खासबाग मैदान, टाउन हॉल, रंकाळा अशीं नांवें असावीं, दुसऱ्यावर नुसते रस्ते. दोन मुलें पाठीला पाठ लावून बसतात. नांवें असलेला नकाशा ज्याच्याकडे, त्यानें सांगावें. दुसऱ्यानें ऐकून आपल्या नकाशावर जागा भरावी. बोट दाखविण्याची सोयच नाहीं! महाद्वारापाशीं अडलेल्या त्या नववीच्या मुलाचें औषध नेमकें हेंच आहे. कोल्हापूरकरांची वाट सांगण्याची एक स्वतंत्र तऱ्हा आहे, ती येथें उफाळून येते: ‘हितनं सरळ जावा, आन् तिथं कुणालाबी इचारा.’ शिक्षकांनीं ती हंसण्यावारीं नेऊं नये. ‘गो स्ट्रेट अँड आस्क एनीबडी देअर’ हें निर्दोष इंग्रजी वाक्य आहे, आणि अनोळखी गांवीं त्याच्याइतकें उपयोगी दुसरें क्वचितच असेल.

परंतु यजमानपणाचा खरा कस लागतो, तो स्वतःच्या गांवची गोष्ट समजावून सांगतांना. करवीर, कागल, पन्हाळा या तालुक्यांतील मुलांना गुऱ्हाळ काय तें सांगावें लागत नाहीं. ऊस चरकांतून निघतो, रस काहिलींत पडतो, खालीं चुलवण धडधडत असतें, रानभेंडीचा रस घातला कीं मळी वर येते, ती काढून टाकावयाची, मग पाक घट्ट होतो आणि गुळाचा रवा पडतो. हें सारें मुलानें डोळ्यांनीं पाहिलेलें असतें, कित्येकांनीं हातांनींहि केलेलें असतें. आतां त्याला म्हणावें, एक परका पाहुणा आला आहे, त्याला हें इंग्रजींत सांग. काहिलीला इंग्रजी शब्द कोणता? मुलाला ठाऊक नाहीं, बहुधा शिक्षकांसहि नाहीं; आणि तेंच बरें. ‘अ व्हेरी बिग आयर्न पॅन’ म्हटल्यानें काम भागतें. मळीला काय म्हणावें? ‘द डर्ट कम्स अप. वुई टेक इट आउट.’ नेमका शब्द अडला असतां जवळच्या शब्दांनीं त्याला वळसा घालून जाणें, ही परभाषा बोलणाऱ्याची मुख्य विद्या आहे, आणि भाषांतराच्या वहींत ती शिकतां येत नाहीं. कारण तेथें प्रत्येक मराठी शब्दासमोर एक इंग्रजी शब्द भरावा लागतो, आणि तो न आठवला कीं जागा कोरी राहते.

शिक्षक शहरांतले असले, आणि त्यांनीं गुऱ्हाळ पाहिलेलें नसलें, तर या पाठाची गोडी दुप्पट होते. मग वर्गांतले खरे प्रवासी शिक्षकच! रानभेंडी कशाला घालतात, हें त्यांना मनापासून जाणून घ्यावयाचें असतें, आणि मुलांना तें मनापासून सांगावयाचें असतें. परीक्षेंत मागें राहणारा, पण घरीं गुऱ्हाळ असलेला मुलगा त्या दिवशीं वर्गाचा आचार्य ठरतो.

यानंतर पाहुण्यांच्या चिठ्ठ्या काढतां येतात. अर्धा वर्ग यजमान, अर्धा वर्ग पाहुणे. प्रत्येक पाहुण्याच्या चिठ्ठींत एक अडचण लिहिलेली, जी यजमानाला दिसत नाहीं. एकाला दोनच तास मोकळे आहेत. एक जण मांस खात नाहीं. त्याला तांबडा-पांढरा रस्सा सुचविणाऱ्या यजमानाची फजिती व्हावयाचीच. एकीला पायऱ्या चढवत नाहींत. एकाला चप्पल घ्यावयाची आहे, पण पैसे मोजके आहेत. यजमानानें विचारून विचारून ती अडचण काढावी आणि दिवसाचा बेत आंखून द्यावा. येथें ‘पंधरा’ आणि ‘पन्नास’ यांचे इंग्रजी उच्चार सारखे ऐकूं येऊन घोटाळा होतो. पन्नास रुपयांचें भाडें पंधरा समजून पाहुणा खिशांत हात घालतो, आणि मग दोघांनाहि तो उच्चार घांसूनपुसून करावा लागतो. दुरुस्ती शिक्षकांनीं केलेली नसते, अडचणीनें केलेली असते. अशी दुरुस्ती बहुधा टिकते.

या पद्धतीविरुद्ध ज्या तक्रारी होतात, त्यांतील कांहीं खऱ्या आहेत. गलका होतो आणि शेजारच्या वर्गाला त्रास होतो, ही पहिली. तिच्यावर उपाय थोडा: पाठीला पाठ लावून हळू बोलण्याचा नियम, किंवा पटांगणांतला कडुनिंब. दुसरी तक्रार अशी, कीं मुलें मराठींतच बोलतात. बेत ठरवितांना तीं मराठींत बोललीं, तर बिघडत नाहीं. विचार ज्या भाषेंत चालतो त्या भाषेंत चालूं द्यावा, सांगण्याची वेळ आली म्हणजे इंग्रजी हवी. परंतु टोपी, शिट्टी आणि तिकिटें फाडण्याचें यंत्र आणून वर्गाचा तमाशा झाला, आणि अर्धा तास हंसण्यांत गेला, तर तो दोष पद्धतीचा नव्हे, पूर्वतयारीचा. वेषभूषेनें प्रवास होत नाहीं, अडचणीनें होतो.

तिसरी तक्रार परीक्षेची, आणि ती सर्वांत जड आहे. जोंवर उत्तरपत्रिकेंत लेखी उत्तरेंच बहुतांशीं मोजलीं जातात, तोंवर पालक विचारणारच, कीं सुमनची आजी मिरजेला पोंचली, त्याचे गुण किती? शिक्षकांनीं येथें चातुर्य दाखवावें. बसगाडीच्या चर्चेंत मुलांनीं ज्या वाक्यांशीं झटापट केली, त्यांतूनच दुसऱ्या दिवशीं व्याकरण काढावें. ‘ही बस धरली, तर ती गाडी मिळेल’ या मोडणीचें इंग्रजी संकेतार्थी वाक्य एरवीं मुलांना रुक्ष वाटतें. कालच्या घोटाळ्यानंतर तेंच त्यांना हवेंसें वाटतें. व्याकरण टाळून चालावयाचें नाहींच. नुसत्या कामचलाऊ बोलण्यावर सोडलेलीं मुलें मोडक्या वाक्यांतच मुक्काम ठोकतात, आणि पुढें तीं हलत नाहींत.

चौथी अडचण कोणी उघड बोलत नाहीं. खुद्द शिक्षकालाच इंग्रजी बोलण्याचा संकोच असतो. खेड्यांतील प्राथमिक शाळेंत एकच शिक्षक सारे विषय शिकवितात, आणि इंग्रजी हा त्यांचाहि परका मुलूख असतो. त्यांना स्वच्छंद संभाषण चालवावयास सांगणें अन्याय आहे. वेळापत्रकाचें काम मात्र त्यांना झेपण्यासारखें आहे, कारण तेथें लागणारे प्रश्न आठ-दहाच: केव्हां सुटते, केव्हां पोंचते, किती वेळ लागतो, कोणती धरावी, कां. आदल्या रात्रीं ते तयार करून ठेवतां येतात. आंकडे बदलले, कीं नवें काम तयार होतें, प्रश्न तेच राहतात. आणि महिन्याभरांत शिक्षकाचीहि जीभ मोकळी होऊं लागते.

वर्षांतून एकदां सहल निघतेच, आणि कोल्हापूरच्या शाळांची ती बहुधा पन्हाळ्याकडे वळते. शहरापासून सुमारें वीस किलोमीटर. तीन दरवाजा, सज्जा कोठी, अंधारबाव, अंबरखाना पाहून मुलें संध्याकाळीं घरीं येतात. त्या रात्रीं प्रत्येकानें राजाराम महाराजांप्रमाणें रोजनिशीचें एक पान लिहावें. पांच ओळी पुरेत, मात्र प्रत्येक ओळ स्वतः पाहिलेल्या गोष्टीची असावी. दुसऱ्या दिवशीं हीं पानें जे सहलीला आले नव्हते अशा मुलांना, किंवा दुसऱ्या तुकडीला, द्यावीं. वाचणाऱ्यानें पानाखालीं एकच प्रश्न लिहावयाचा, आणि त्याचें उत्तर त्या पानांत नसलें पाहिजे. मग पान मूळ लेखकाकडे परत जातें. एखाद्या मुलानें लिहिलेलें असतें, कीं आम्ही अंबरखाना पाहिला, तो फार मोठा आहे. खालीं दुसऱ्या अक्षरांत प्रश्न येतो: ‘व्हॉट डिड दे कीप इन इट?’ मुलगा इतिहासाचें पुस्तक काढतो, सिद्दी जौहरचा १६६० चा वेढा पुन्हा वाचतो, पेन्सिलीनें दोनदां खोडतो, आणि लिहितो: ‘ग्रेन. मेनी मंथ्स नोबडी कुड गो आउट.’